रॉटरडॅमहून आलेली पट्टी

जानेवारी २०२४ मधली गोष्ट. रात्रीचे पावणेअकरा झाले असतील, मी जेवून गॅलरीत उभा होतो आणि काकांचा फोन आला. काका एवढ्या रात्री कधी फोन करत नाहीत, आमच्या निफाडकडे नऊ वाजले की सामसूम, त्यात द्राक्षाचा सीझन म्हणजे माणूस पहाटे चारला बॅटरी घेऊन बागेत. मला वाटलं आजीचं काहीतरी झालं. काळजात धस्स झालं अक्षरशः. तर काका म्हणाले, "काय रे, ते हुथी हुथी म्हणतात ते कोण?"

मी नवी मुंबईत एका फ्रेट फॉरवर्डिंगच्या ऑफिसात डॉक्युमेंटेशनला आहे. म्हणजे कुणाचाही माल न्हावाशेवा बंदराला जायचा असला की त्याचं बुकिंग, शिपिंग बिल, बीएल, फायटो सर्टिफिकेट, ही सगळी कागदांची लफडी आम्ही निस्तरतो. त्यामुळे गावात माझी ख्याती अशी की हा जहाजांच्या लाइनीत आहे, याला सगळं माहिती. प्रत्यक्षात मी जहाज लांबूनच बघितलंय, उरणला मित्राकडे जाताना. पण हुथी कोण हे मला त्या दिवसापर्यंत चांगलंच कळलेलं होतं, कारण दोन महिने ऑफिसात दुसरा विषयच नव्हता.

काकांची भानगड अशी होती की त्यांच्या अडीच एकर थॉमसन द्राक्षाचा एका एक्स्पोर्टरशी बागेतच सौदा झाला होता, किलोमागे चौऱ्याऐंशी रुपये. रेसिड्यूचा, म्हणजे फळात उरलेल्या औषधाचा, रिपोर्ट क्लीन आला, साइज अठरा मिलिमीटरच्या वर, शुगर बसलेली, सगळं फर्स्टक्लास. आणि त्या दिवशी संध्याकाळी एक्स्पोर्टरचा माणूस येऊन सांगून गेला की दादा, भाव आता फिक्स देता येणार नाही, लाल समुद्रात हुथींनी जहाजं अडवलीत, माल घ्यायचा तर घेऊ पण तिकडे विकल्यावर जी पट्टी येईल ती येईल. बाजारात माल विकल्यावर हिशोबाचा जो कागद हातात मिळतो त्याला आमच्याकडे पट्टी म्हणतात. लासलगावची पट्टी, पिंपळगावची पट्टी माहिती होती. रॉटरडॅमची, म्हणजे पार नेदरलँड्सच्या बंदरातली पट्टी पहिल्यांदाच.

आता हे लाल समुद्राचं नेमकं झालं काय होतं ते थोडं सांगतो, कारण बऱ्याच जणांना अजूनही वाटतं की ते टीव्हीवर असतं तसलं काहीतरी लांबचं प्रकरण आहे. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं इस्रायलवर हल्ला केला, मग गाझात जे सुरू झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं. येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी जाहीर केलं की आम्ही गाझाच्या बाजूनं, इस्रायलशी संबंध असलेली जहाजं इथून जाऊ देणार नाही. १९ नोव्हेंबरला त्यांनी गॅलेक्सी लीडर नावाच्या जहाजावर थेट हेलिकॉप्टर उतरवलं आणि अख्खं जहाज पळवून नेलं. आता हे जहाज कुठे चाललं होतं माहितीये? तुर्कस्तानातून आपल्या पिपावावला, गुजरातेत, गाड्या भरायला. मालकी कुणाची तर म्हणे एका इस्रायली उद्योगपतीशी जोडलेली, झेंडा बहामाचा, आणि जहाजावरचे पंचवीस लोक युक्रेन, बल्गेरिया, रोमानिया, फिलिपिन्स आणि मेक्सिकोचे. ना कुणी इस्रायली ना कुणी पॅलेस्टिनी. युक्रेनचा माणूस, घरी स्वतःच्या देशात लढाई चालू, पोटासाठी जहाजावर आलेला, आणि तिसऱ्याच लढाईत ओलीस. ते लोक सुटले कधी तर जानेवारी २०२५ मध्ये. चौदा महिने!

त्यानंतर ड्रोन, मिसाइलं, सगळंच सुरू झालं. बाब-अल-मंदेब म्हणून जी सामुद्रधुनी आहे, लाल समुद्राचं खालचं तोंड, ती जेमतेम तीसेक किलोमीटर रुंद. नाशिक ते निफाड जेवढं तेवढंच म्हणा ना. सुएझ कालव्यातून जाणारं प्रत्येक आशियाई जहाज या बोळातून जातं, जगातल्या कंटेनरांपैकी साधारण तीस टक्के या रस्त्यानं. आणि तो बोळ बंद पाडायला नौदल लागलं नाही, काही हजार डॉलरचे ड्रोन पुरले. ते पाडायला अमेरिका जे मिसाइल सोडत होती त्यातल्या एकेकाची किंमत वीस लाख डॉलरच्या घरात. मला वाटतं आताच्या लढायांचं नवेपण या हिशोबात आहे. पूर्वी समुद्र अडवायचा तर ब्रिटिशांसारखं आरमार लागायचं, आता डोंगरात लपून बसलेली एक संघटना पण जगाचा भाव वाढवू शकते.

डिसेंबर संपेपर्यंत बहुतेक मोठ्या शिपिंग लाइननी ठरवलं की बास, सुएझ नको, आफ्रिकेला वळसा. केप ऑफ गुड होप. आठवतं का, चौथीपाचवीच्या पुस्तकात वास्को द गामाचा नकाशा असायचा, तुटक तुटक रेघ आफ्रिकेच्या खालून वर कालिकतला येणारी? ती रेघ. १४९८ ची. १८६९ ला सुएझ उघडला आणि ती रेघ इतिहासात गेली, ती आम्ही २०२४ मध्ये एक्सेल शीटमध्ये परत आणली.

काकांना मी फोनवर हे सगळं सांगत बसलो आणि ते हं हं करत ऐकत होते, शेवटी म्हणाले, "ते ठीक आहे, पण माझा माल किती दिवसांत पोचंल?"

हा खरा प्रश्न. नेहमी न्हावाशेवा ते रॉटरडॅम बावीस ते पंचवीस दिवस. आता पस्तीस, चाळीस, मध्ये कुठे ट्रान्सशिपमेंटला, म्हणजे जहाज बदलायला, अडकलं तर आणखी. लोखंडाच्या सळयांना याचं काही नाही, पण द्राक्ष हे जिवंत फळ आहे, कापल्यावर पण श्वास घेतं. पॅकहाऊसला आणून प्रीकूलिंग करायचं, पनेटमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या डब्यात, भरून वर तो सल्फरचा पॅड टाकायचा म्हणजे बुरशी धरत नाही, आणि मग रीफर कंटेनरमध्ये शून्य डिग्रीच्या आसपास ठेवायचं. पंचवीस दिवसांनी मालाला उघडलं की देठ हिरवा असतो. चाळीस दिवसांनी उघडलं की देठ तपकिरी, आणि युरोपातला बायर पहिला देठ बघतो, मणी नंतर. मणी गोड असला काय नि नसला काय, देठ सुकला की भाव पडला.

आणि वर फ्रेट, म्हणजे जहाजाचं भाडं. आमच्या ऑफिसला युरोपचा चाळीस फुटी रीफर दोन हजार डॉलरच्या आत मिळत होता, तो जानेवारीत पाच हजारांच्या वर कोट व्हायला लागला, आणि तो पण आज दिलेला रेट उद्या नाही. जहाजाचं जे वॉर रिस्क इन्शुरन्स असतं ते लाल समुद्रातून जायचं म्हटलं तर एका फेरीला जहाजाच्या किमतीच्या एक टक्क्याच्या आसपास गेलं होतं. दहा कोटी डॉलरचं जहाज धरा, म्हणजे नुसतं तिथून जायचे दहा लाख डॉलर. कोण जाणार? वळसा घातला की इंधन जास्त, पगार जास्त, पण मिसाइल तरी पडत नाही. शिवाय प्रत्येक जहाज दहा-बारा दिवस जास्त समुद्रात म्हटल्यावर परत यायलाही उशीर, म्हणजे रिकाम्या कंटेनरची बोंब. एक आठवडा तर असा गेला की आम्ही सकाळी ऑफिसात येऊन फक्त रीफरसाठी भीक मागत होतो फोनवर, आणि माझा बॉस जो कधी देवाचं नाव घेत नाही तो सिद्धिविनायकाला जाऊन आला.

शेवटी काकांनी माल दिला. देणार नाही तर करणार काय, घड वेलीवर थोडेच थांबतात. लोकल मार्केटला टाकला असता पण एक्स्पोर्टवाल्यांनी सगळ्यांनीच हात आखडता घेतल्यामुळे लोकलला पण माल येऊन पडला होता. कंटेनर बंदरात गेट-इन झाला, जहाज सुटलं, आणि मी काकांच्या मोबाइलवर जहाज ट्रॅक करायचं ॲप टाकून दिलं. ही माझी मोठी चूक. कारण त्यानंतर दीड महिना रोज सकाळी सातला मेसेज: "मादागास्कर ओलांडलं." "केपला वळलं बघ." "आज वेग कमी आहे, का?" काकूंनी मला सांगितलं की बागेत फवारणी चालू असताना पण हे ट्रॅक्टर थांबवून मोबाइल बघतात. एकदा तर सेनेगलच्या आसपास कुठेतरी जहाजाचा ठिपका सहा तास हललाच नाही, सिग्नल गेला असणार नुसता, पण काकांनी जेवण सोडलं.

आणि त्याच काळात एक दिवस काकू म्हणाल्या, टीव्हीवर गाझाचं काहीतरी दाखवत होते, की आपली फार तर द्राक्षं सडतील हो, तिथं लेकरं मरतायत. घरात कुणी काही बोललं नाही. मी हे लिहितोय ते त्या वाक्याची जाण ठेवूनच लिहितोय. लढाईची खरी झळ कुणाला बसते यात काही शंकाच नाही. पण त्या झळेची धग किती लांब आणि कुठल्या कुठल्या वाटेनं येते ते मी ज्या खुर्चीत बसतो तिथून जरा जास्त दिसतं, म्हणून.

तसं बघितलं तर आमच्या घराला ही काही पहिली लढाई नव्हती. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशिया युक्रेनमध्ये घुसला तेव्हा पहिला फटका आईच्या किचनला. आपल्याकडे येणारं सूर्यफुलाचं तेल बहुतांश युक्रेनचं, हे मला तोपर्यंत माहितीच नव्हतं, सूर्यफूल म्हटलं की मला लातूर-सोलापूरकडची पिवळी शेतं डोळ्यांसमोर यायची. मार्चमध्ये दुकानदार म्हणाला, डबा पाहिजे असेल तर आजच घ्या. आईनं पामतेलावर जायचं ठरवलं, तर एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात बंद केली, कारण त्यांच्याकडेच भाव भडकले होते. मग आपण तरी कशाला मागे राहतोय, १३ मे ला आपल्या सरकारनं गव्हाची निर्यात बंद केली, तीही महिनाभरापूर्वी आपण जगाला गहू पुरवू वगैरे भाषणं करून झाल्यावर. त्यात मार्चच्या उन्हानं पंजाबचा गहू पण भाजला होता हे खरं. पण साखळी बघा कशी आहे, एकानं दार लावलं की शेजारचा घाबरून आपलं लावतो, त्याचं बघून तिसरा.

काकांकडे तीच लढाई खताच्या गोणीतून आली. पोटॅश मुख्यतः रशिया, बेलारूस आणि कॅनडातून येतं, त्यातले पहिले दोन एकदम बाजूला पडले. पोटॅशची गोणी सतराशेला गेली. डीएपी सरकारनं साडेतेराशेला धरून ठेवलं, पण ते धरून ठेवायला त्या वर्षी खताची एकूण सबसिडी अडीच लाख कोटींच्या आसपास गेली, म्हणजे तो पैसा पण आपल्याच खिशातला, फक्त दुसऱ्या खिशातला. आणि द्राक्षाला झिरो झिरो पन्नास, म्हणजे पोटॅशचंच खत, लागतंच, साखर भरायच्या वेळेला ते दिलं नाही तर मणी पाणचट. दुकानदारानं सांगितलं युक्रेनमुळे वाढलंय. काका म्हणाले, काहीही वाढलं की आता युक्रेन. त्यातही तथ्य आहे म्हणा. आमच्या इथल्या वडापाववाल्यानं त्या वर्षी तीन रुपये वाढवले ते युद्धामुळे, आणि तेलाचे भाव नंतर धाडकन खाली आले तेव्हा वडापाव काही खाली आला नाही.

तेव्हाच्या बातम्यांमधलं एक जहाज माझ्या डोक्यात कायमचं बसलंय. रझोनी. काळ्या समुद्रातली युक्रेनची बंदरं लढाईनं बंद होती, आत धान्य सडत होतं आणि बाहेर आफ्रिकेत, अरब देशांत लोकांना गहू मिळत नव्हता. जुलै २०२२ मध्ये इस्तंबूलला करार झाला आणि १ ऑगस्टला ओडेसामधून पहिलं जहाज सुटलं ते हे रझोनी, सव्वीस हजार टन मका घेऊन, लेबनॉनला. अख्ख्या जगाच्या टीव्हीवर लाइव्ह. सगळे टाळ्या वाजवतायत. आणि पुढे काय झालं हे फार कमी लोकांनी वाचलं असेल: लेबनॉनच्या बायरनं माल घ्यायलाच नकार दिला! पाच महिने लेट झालाय, नको. मग ते जहाज नवा गिऱ्हाईक शोधत तुर्कस्तानला गेलं, थोडा माल तिथे उतरवला, नंतर सिरियाच्या तार्तुस बंदरात दिसलं. जगाला ती शांततेची बातमी वाटली. आमच्या ऑफिसात सगळे एकदम बोलले, लेट डिलिव्हरी, बायर रिजेक्शन, डिस्ट्रेस सेल. रोजचंच की हे.

मी यावर विचार करतो तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवते, जराशी लांबची आहे पण सांगतोच. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली. तिथल्या दक्षिणेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना जायचा तो बंद झाला. मग इंग्लंडनं कापूस कुठून घ्यायचा? आपल्याकडून. वऱ्हाड, खानदेश, गुजरात. मुंबईत असा पैसा आला म्हणतात की लोकांना ठेवायला जागा नव्हती, बॅकबेची जमीन भरून काढायच्या कंपन्यांचे शेअर काढले, सगळं शहर सट्ट्यात. प्रेमचंद रायचंद त्या खेळाचे बादशहा, आपला राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतला, आईच्या नावानं. १८६५ ला तिकडे लढाई संपली आणि इकडे सगळं पत्त्याच्या बंगल्यासारखं कोसळलं, बँका बुडाल्या. हा भाग मुंबईच्या इतिहासात सगळे सांगतात. पुढचा कमी सांगतात. तेजीत सावकारांनी शेतकऱ्याला हात मोकळा सोडून कर्ज दिलं होतं, कापूस पडल्यावर तेच सावकार वसुलीला आले, त्यात सरकारनं शेतसारा वाढवलेला, आणि १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं काढून जाळली. दख्खनचे दंगे म्हणून शाळेत दोन मार्काला होतं बघा. अमेरिकेतल्या बंदुका थांबल्या आणि दहा वर्षांनी सुप्यात वह्या जळल्या. कारणं आणखी होती, मान्य, पण हे सूत त्यात आहे.

म्हणजे लढाईचं बिल असतं, आणि ते हातोहात पुढे सरकवलं जातं. इन्शुरन्सवाला शिपिंग लाइनला, लाइन आम्हाला, आम्ही एक्स्पोर्टरला, तो शेतकऱ्याला. ज्याच्या पुढे सरकवायला कुणी उरत नाही त्याच्याकडे ते थांबतं. यात कुणी चोर असायलाच पाहिजे असं पण नाही, काकांचा एक्स्पोर्टर सरळ माणूस आहे, त्याचे त्या वर्षी स्वतःचे किती अडकले ते मला माहिती आहे. पण सगळ्यांचंच नुकसान झालं असंही नाही. २०२४ मध्ये मोठ्या शिपिंग कंपन्या आपल्या नफ्याचे अंदाज दर दोन-तीन महिन्यांनी वाढवून सांगत होत्या, कारण वळशामुळे जहाजं कमी पडली आणि रेट वर गेले. आणि आपण स्वतः तरी? युक्रेन युद्धाच्या आधी आपल्या कच्च्या तेलात रशियाचा वाटा दोन टक्के पण नव्हता, २०२३ पर्यंत तो एक तृतीयांशाच्या वर गेला, सवलतीत मिळत होतं म्हणून. देशाच्या दृष्टीनं शहाणपणाचंच होतं ते, माझा काही आक्षेप नाही. फक्त माझी ॲक्टिव्हा मुंबईच्या पंपावर १०६ च्या आसपासनंच भरत होती दोन वर्षं, ती सवलत कुठल्या वळणावर उतरली देव जाणे.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त वाईट कुणाचं वाटत असेल तर इजिप्तचं. हे जरा विचित्र वाटेल. पण बघा ना. इजिप्त जगातल्या सगळ्यात मोठ्या गहू आयात करणाऱ्या देशांपैकी एक, आणि त्यातला बहुतेक गहू रशिया आणि युक्रेनचा. म्हणजे पहिल्या लढाईनं भाकरी महाग. आणि कमाईचं मोठं साधन काय तर सुएझ कालवा. २०२३ मध्ये कालव्याची कमाई दहा अब्ज डॉलरच्या वर होती, २०२४ मध्ये ती चारवर आली. म्हणजे दुसऱ्या लढाईनं पगार गेला. दोन्ही लढायांत इजिप्त नाही! मार्च २०२४ ला त्यांच्या पौंडाची किंमत एका दिवसात कोसळली, आणि १ जूनपासून तिथली ती सरकारी स्वस्त रोटी, बलादी म्हणतात तिला, पाच पियास्टरची वीस पियास्टर झाली. तीसेक वर्षं कुणी त्या भावाला हात लावला नव्हता, १९७७ ला अनुदानं काढायला गेले तर देशभर दंगली झाल्या होत्या म्हणून. आमच्या ऑफिसातून पोर्ट सैदच्या एका एजंटशी बोलणं व्हायचं, हसतमुख माणूस, दर मेलच्या शेवटी इन्शाअल्लाह. त्या वर्षी त्याच्याशी कामच उरलं नाही.

बांगलादेशाचं पण असंच. युरोपनं रशियाचा गॅस सोडून जगभरातून एलएनजी, म्हणजे जहाजानं येणारा द्रवरूप गॅस, उचलला, वाटेल त्या भावानं, मग २०२२ च्या पावसाळ्यात ढाक्यानं बाजारातून एलएनजी घेणंच थांबवलं आणि लोड शेडिंग सुरू. गोठायची भीती जर्मनीला होती, अंधार ढाक्यात झाला.

बरं, समुद्रावर परत. २६ जानेवारी २०२४, आपल्या प्रजासत्ताक दिनीच, मार्लिन लुआंडा नावाच्या नॅफ्था भरलेल्या टँकरवर मिसाइल लागलं. त्यावर बावीस भारतीय. आपल्या नेव्हीचं विशाखापट्टणम नावाचं जहाज तिथे पोचलं आणि आग विझवली. माझ्या शाळेतला एक मित्र, रत्नागिरीकडचा, टँकरवर सेकंड इंजिनियर आहे, या जहाजावर नव्हता पण त्याच भागात होता. त्याच्या बायकोनं तीन रात्री झोप घेतली नाही. कोकणात घरटी नाही तरी वाडीटी एक माणूस जहाजावर असतो, त्यामुळे टीव्हीवर एडनचं आखात म्हटलं की तिथल्या घरांत आवाज वाढवतात. मार्चमध्ये ट्रू कॉन्फिडन्स जहाजावर तीन खलाशी मेलेच, दोन फिलिपिनो आणि एक व्हिएतनामी, बाकीच्यांना आपल्या कोलकाता युद्धनौकेनं काढलं. आणि ते रुबिमार जहाज, वीसेक हजार टन खत भरलेलं, फेब्रुवारीत मिसाइल खाऊन दोन आठवडे वाहवत राहिलं आणि मग बुडालं. त्याचा सुटलेला नांगर तळाला घासत गेला आणि समुद्राखालच्या तीन इंटरनेट केबल तुटल्या असं मानतात. मुंबईला येणाऱ्या केबल आहेत त्या. खत बुडालं, इंटरनेट मंदावलं, मासे मेले असतील ते वेगळेच.

काकांचा कंटेनर अडतिसाव्या दिवशी रॉटरडॅमला लागला. मेसेज काय होता माहितीये? नुसता नारळाचा इमोजी.

पट्टी आली मार्च संपताना. इंग्रजीत होती, व्हॉट्सॲपवर, काकांनी मला व्हिडिओ कॉल केला आणि एकेक ओळ वाचून घेतली. विक्री इतके युरो. त्यातून फ्रेट वजा. हँडलिंग वजा. रिपॅकिंग वजा, कारण काही बॉक्समध्ये देठ गेले होते ते वेचून परत भरले. कमिशन. आणि एक ओळ: ट्रान्झिट डिसरप्शन सरचार्ज.

"हे काय?"

म्हटलं, "काका, डिसरप्शन म्हणजे खोळंबा."

"म्हणजे जहाज उशिरा नेलं त्यांनी, माल बसला माझा, आणि खोळंब्याचे पैसे पण मीच द्यायचे?"

मी काहीतरी सांगायला लागलो, की काका ते लाइनचं कॉस्टिंग असतं वगैरे. ते म्हणाले राहू दे. किलोमागे हातात पडले एकसष्ट. चौऱ्याऐंशीचे एकसष्ट. अडीच एकरात पंचवीस टन माल, तुम्हीच गुणाकार करा, आणि यात औषधं, मजुरी, डिपिंगच्या, म्हणजे घड औषधात बुडवणाऱ्या, बायांचे पैसे आधीच गेलेले. सोसायटीचं कर्ज त्या वर्षी नवं-जुनं केलं.

गंमत म्हणजे नंतर आकडे आले तेव्हा २०२३-२४ मध्ये भारताची द्राक्ष निर्यात वाढलेली निघाली, जवळपास तीन लाख चौरेचाळीस हजार टन, साडेतीन हजार कोटींच्या आसपास. आधीच्या वर्षापेक्षा चांगलीच जास्त. मी काकांना ती बातमी फॉरवर्ड केली, आता वाटतं करायला नको होती. त्यांनी काही उत्तर दिलं नाही. दोन निळ्या टिका तेवढ्या.

त्यानंतर दीड वर्ष झालं. लाल समुद्र मधे जरा शांत झाला, जुलै २०२५ मध्ये परत एका आठवड्यात दोन जहाजं बुडवली, मग ऑक्टोबरात गाझात युद्धबंदी झाली आणि ऑफिसात चर्चा सुरू झाली की लाइनी परत सुएझला येणार का, कधी येणार, रेट पडणार का. मी दिवाळीला गावी गेलो होतो. त्या वर्षी पावसानं मे पासून पाठ सोडली नव्हती, काडीत घडच कमी, छाटणी उशिरा, काकांची कुरकुर चालू होती. अर्धा एकर त्यांनी बेदाण्याला ठेवायचं ठरवलंय, म्हणाले बेदाणा चाळीस दिवस काय चारशे दिवस समुद्रात राहिला तरी त्याचा देठ सुकत नाही, आधीच सुकलेला. 

संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. ते ट्रॅकिंगचं ॲप त्यांनी अजून काढलेलं नाही. मोबाइल माझ्यापुढे धरला, लाल समुद्र मोठा करून, त्यात वर सरकणारा एक एकटा ठिपका.

"हे बघ, हे सुएझकडनं चाललंय. परवापासून बघतोय याला." मग चष्मा वर करून, "कुणाचा माल असंल रे यात?"